ईएसपी३२ बोर्ड, आठ महिन्यांनंतर: सगळं भांडण पिन १२ शी

दुकानदाराने 'मेला' म्हणून परत दिलेला बोर्ड काल रात्री पुन्हा बागेत चालू झाला, म्हणून लिहायला बसलो. ३० पिनांचा साधा ईएसपी३२ (वायफाय असलेला, आपला कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड), ऑगस्टमध्ये साडेचारशेला घेतलेला.

जालन्याजवळ आमची मोसंबी आहे. लाइट रात्रीची, त्यामुळे ठिबक सुरू करायला कुणीतरी उठावंच लागायचं. ते काम बोर्डाला दिलं. हौद कोरडा असेल तर मोटर लागू नये म्हणून तळाशी फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा) बसवला, त्याची तार पिन १२ ला आणि तिथूनच १० के चा रेझिस्टर ३.३ व्होल्टला. सात महिने एकही खाडा नाही. लाइट दिवसातून चारदा जायची. आली की बोर्ड उठून कामाला लागायचा. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मार्चमध्ये एका रात्री लाइट आली आणि बोर्ड उठलाच नाही. लाल दिवा चालू, वायफायवर पत्ता नाही. बोर्डाचा डबा घरी आणला. पहिली संध्याकाळ चार्जिंगच्या केबलने खाल्ली; तिच्यात डेटाच्या ताराच नव्हत्या, लॅपटॉपला पोर्ट दिसणार कुठून? केबल बदलली, सिरियल मॉनिटर (बोर्ड काय म्हणतो ते लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी) ११५२०० च्या वेगावर लावला, तर एकच ओळ धो धो: 'फ्लॅश रीड एरर, १०००', म्हणजे कोड साठवणारी फ्लॅश मेमरी वाचता येत नाही. बूट बटण दाबून धरलं, ईएन (रीसेट) दाबून सोडलं, डाउनलोड मोड, म्हणजे नवा कोड घ्यायची अवस्था, मिळाला. कोड पुन्हा टाकला, तर शेवटी एमडी५ (कोड बरोबर उतरला का ते तपासणारा आकडा) जुळत नाही म्हणून नापास. शहरातल्या दुकानात डबा नेला. 'फ्लॅश गेली, नवा घ्या.' पाच मिनिटंही बघितलं नाही. त्या रागात मी एक स्टार द्यायला निघालो होतो.

जेवताना अण्णा म्हणाले, "हौद आटला त्याच राती हे बी बंद पडलं की."

ताटावरून उठलो आणि रेझिस्टर आणि तारा जोडलेल्या झिरो पीसीबीवरच्या हेडरमधून बोर्ड उपसून काढला. नुसती यूएसबी लावली. कोड गेला, बोर्ड उठला!

सुरू होताना ही चिप पिन १२ वाचते. पिन हाय दिसली की फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देते, आणि या बोर्डावरची फ्लॅश ३.३ ची. हौदात पाणी आहे तोवर फ्लोट पिनला ग्राउंडला धरून ठेवायचा. तळ उघडा पडला, स्विच सुटला आणि रेझिस्टरने पिन वर ओढली. डबा घरी आणला तेव्हा तर फ्लोट जोडलेलाच नव्हता, म्हणून तिथेही तेच.

चिपच्या डेटाशीटमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. पण बोर्डावर त्या पिनेजवळ फक्त 'डी१२' छापलंय, शेजारच्या डी१३ सारखंच. एक खूण छापायला काय जातं? दोन स्टार त्याचेच कापतोय. बाकी चिप चिवट आहे: डाउनलोड मोडचा प्रोग्राम रॉममध्ये (चिपच्या कायमच्या मेमरीत) असतो, आपल्या हातून पुसला जात नाही. ईफ्यूज (चिपमधली एकदाच जाळता येणारी खूण) जाळून व्होल्टेज ३.३ वर कायमचं बांधता येतं, पण ते परत फिरवता येत नाही, म्हणून मी ते केलं नाही. तार पिन २७ ला नेली, कोडमध्ये एक आकडा बदलला.

काल हौद कोरडाच होता. मेन स्विच दहा वेळा पाडून पाहिला, दहाही वेळा बोर्ड उठला. डी१२ वर बहिणीच्या लाल नेलपेंटचा ठिपका दिलाय.