पोलने काचा धुताना पंपाला कंट्रोलर कोणता लावावा?

शुद्ध पाण्याच्या पोलने, म्हणजे टोकाला ब्रश असलेल्या आणि नळीने पाणी पुरवलेल्या लांब दांड्याने, खिडक्या धुताना बहुतेक काचांना मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. या कामातला नेहमीचा 12 व्होल्टचा डायफ्रॅम पंप मात्र पाचेक लिटर फेकू शकतो. हा पंप आवरायचे तीन मार्ग आहेत: नुसता प्रेशर स्विच, नॉबवाला साधा कंट्रोलर आणि डिजिटल कंट्रोलर. निवडताना लोक आधी किंमत बघतात. मला वाटतं, पहिला प्रश्न वेगळा हवा: एका खिडकीवरून दुसरीकडे जाताना तुम्ही पाणी कुठे बंद करता, पोलपाशी की पंपापाशी?

प्रेशर स्विच पंपावरच बसवलेला असतो. दाब 100 पीएसआयच्या आसपास गेला की तो पंप थांबवतो, दाब उतरला की पुन्हा सुरू करतो. हे संरक्षण आहे, प्रवाहावरचं नियंत्रण नव्हे. नळी लांब आणि बारीक असेल तर पाणी वाहत असतानाच दाब चढतो आणि पंप सतत चालू-बंद होत राहतो. त्यात स्विचचे संपर्कबिंदू जळतात. त्यावर उपाय म्हणून काही जण कॉक अर्धवट फिरवून धार कमी करतात. धार कमी होते खरी, पण पंप दाबाविरुद्ध झगडतच राहतो आणि बॅटरी वाचत नाही. रोज काम करणाऱ्याने यावर भागवू नये.

नॉबवाला कंट्रोलर मोटरला वीज तुकड्या-तुकड्यांनी देतो, त्यामुळे पंपच हळू फिरतो. पाणी वाचतं, बॅटरी जास्त चालते आणि पाणी शुद्ध करणाऱ्या रेझिनवरही कमी भार येतो. ट्रॉली किंवा बॅकपॅक, छोटी नळी आणि पंप बंद करायला हाताशी असलेलं बटण, अशी तुमची पद्धत असेल तर एवढं पुरे. जास्तीचे पैसे घालू नका. अडचण येते ती पोलपाशी कॉक बंद करणाऱ्यांना. या कंट्रोलरला वाट बंद झाल्याचं कळत नाही. पंप दाब वाढवत राहतो. कमी वेगावर त्याला स्विच पडण्याइतका दाब गाठता आला नाही, तर मोटर अडून तापते.

डिजिटल कंट्रोलरचं खरं मोल इथे आहे. दाब वाढला की मोटर जास्त करंट खेचते. तो वाढलेला करंट ओळखून कंट्रोलर स्वतःच पंप थांबवतो आणि कॉक उघडल्यावर पुन्हा सुरू करतो. बॅटरीचा व्होल्टेज दिसतो आणि तो फार उतरला तर पुरवठा तोडला जातो. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार तळापर्यंत उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून ही सोय मला महत्त्वाची वाटते.

पण त्याला कॅलिब्रेशन लागतं, म्हणजे करंट किती वाढला की थांबायचं याचा आकडा तुमच्या नळी-पोलप्रमाणे लावावा लागतो, आणि बऱ्याच तक्रारी तिथूनच येतात. कॅलिब्रेशनचा आकडा फार कमी ठेवला तर कॉक उघडा असतानाही पंप मध्येच थांबतो. फार जास्त ठेवला तर कॉक बंद झाल्याचं कळतच नाही आणि शेवटी प्रेशर स्विचच पडतो. एकदा लावलेला आकडा कायमचा नसतो. 6 मिमी आतल्या व्यासाच्या नळीत तेवढ्याच पाण्याला 8 मिमीच्या तिप्पट-चौपट घर्षण सोसावं लागतं. ब्रश 10 मीटर वर गेला की सुमारे 1 बार (साधारण 14.5 पीएसआय) दाब नुसत्या उंचीसाठी खर्च होतो. थंडीत पाणी घट्ट होतं, नळी ताठरते. यातलं काहीही बदललं की आकडा तपासा. बॅटरी भरलेली असूनही कंट्रोलर ती उतरल्याचं दाखवत असेल तर आधी टर्मिनल आणि वायर बघा. सैल जोड किंवा बारीक वायर व्होल्टेज खाते.

लांब नळीच्या रीलवर काम आणि पोलपाशी कॉक असेल, तर मी डिजिटलच घ्यायला सांगेन, तोही पंपाच्या कमाल अँपिअरला पुरून उरणारा आणि बॅटरीजवळ फ्यूज लावून. कॅलिब्रेशन करताना नळी नेहमी कामात असते तेवढी उलगडा, हवा पूर्ण निघू द्या आणि ब्रश त्या दिवशीच्या सगळ्यात उंच खिडकीपर्यंत उभा धरा.