कॉन्वी की कार्नार्वन?

उत्तर वेल्समध्ये एकच किल्ला पाहायला वेळ असेल, तर? दोन्ही इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1283 मध्ये बांधायला घेतलेले, तिकीट दोन्हीकडे.

पोहोचायला कॉन्वी सोपा. स्टेशन गावाच्या तटबंदीच्या आतच. फक्त उतरायचंय हे गार्डला आधी सांगून ठेवा, नाहीतर गाडी थांबत नाही. कार्नार्वनसाठी बँगोरला उतरून बस.

खरा फरक जिन्यांत. कॉन्वीचे गोल जिने अरुंद, पावसात निसरडे. समोरून कोणी आलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं. कार्नार्वनच्या राजद्वारात 2023 पासून लिफ्ट आहे, थेट वरच्या गच्चीपर्यंत. आत फौजी संग्रहालयही आहे, म्हणजे पावसात आडोसा.

आजी-आजोबा किंवा बाबागाडी सोबत असेल तर कार्नार्वन. गुडघे धड असतील तर कॉन्वीच. शिवाय गावाच्या तटावरची फेरी फुकट.