डिकीच्या कोपऱ्यात बसवलेला सबवूफर : अंबडच्या एका फायबर वर्कशॉपचा अनुभव

माझ्या २०१९ च्या स्विफ्टच्या डिकीत चार वर्षे सबवूफरचा, म्हणजे खर्जाचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा, एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) तयार बॉक्स होता. बाहेरून ४० × ३५ × ३८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ५३ लिटर. आणि या गाडीची डिकी मुळातच २६८ लिटरची. पाचवा हिस्सा असा अडून बसल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरीकडच्या सासुरवाडीहून येणाऱ्या द्राक्षांच्या पेट्या मुलांच्या पायाशी ठेवाव्या लागत. म्हणून गेल्या जुलैत नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीलगतच्या एका लहानशा वर्कशॉपकडून, डाव्या चाकाच्या कमानीमागे जी पोकळी वाया जाते, तिच्या आकाराचीच फायबरग्लासची पेटी करून घेतली. साच्याचे काम उत्तम, मापाचे अंदाजपंचे आणि वायरिंग मात्र समोर उभे राहूनच करवून घ्यावे, असे माझे मत झाले.

आधी जे चांगले झाले त्याबद्दल. कारागिराने डिकीचे डाव्या बाजूचे प्लॅस्टिक आवरण काढले, आतल्या पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन थर आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चढवले, आणि मगच रेझिनमध्ये (वाळल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेली काचतंतूंची मॅट हाताने दाबत बसवली. टेप आणि फॉइलवर दाखवलेली ही काळजी महत्त्वाची असते, कारण रेझिन एकदा पत्र्याला धरले की पेटी गाडीतून बाहेर निघत नाही. पहिले दोन थर वाळल्यावर कवच बाहेर काढून बाहेरच्या बाजूने आणखी चार थर दिले. जाडी सगळीकडे ६ मिलिमीटरच्या आसपास भरली. स्पीकर बसणारी कडी १८ मिलिमीटर एमडीएफची कापून, तिच्यापासून कवचाच्या काठापर्यंत ताणलेले कापड रेझिनने कडक केले. पुट्टी आणि पॉलिश पेपरचे काम इतके सफाईदार आहे की वर राखाडी कार्पेट चढवल्यावर पेटी कंपनीतूनच आली असावी असे वाटते.

गाडे अडले ते आतल्या आकारमानावर. मी निवडलेल्या कमी खोलीच्या १० इंची स्पीकरसाठी त्याच्या उत्पादकाने १७ लिटरची बंद पेटी सुचवली आहे, आणि स्पीकर स्वतः दीड लिटर जागा खातो. म्हणजे रिकामी पेटी साडेअठरा लिटरची हवी. कारागीर म्हणाला, "साहेब, वीस तर सहज असेल." वाकड्यातिकड्या आकाराला पट्टी लावता येत नाही, म्हणून मी घरून ज्वारी नेली आणि लिटरच्या मापाने पेटीत ओतत गेलो. चौदाव्या मापाला ती काठोकाठ भरली. (रेझिनचा वास लागल्याने ती ज्वारी पुन्हा घरात घेण्याजोगी राहिली नाही, आणि त्याबद्दल मला जे ऐकावे लागले ते या परीक्षणाच्या कक्षेबाहेरचे आहे.) साडेचार लिटरची तूट किरकोळ नव्हे. बंद पेटीतली हवा स्पीकरच्या पडद्यामागे स्प्रिंगचे काम करते. पेटी लहान असेल तर स्प्रिंग ताठर होते, अनुनादाची वारंवारता वर सरकते, वरच्या बेसचा एक पट्टा फुगतो आणि खालचे खर्जाचे स्वर विरून जातात. दुकानातून बाहेर पडणाऱ्या कितीतरी गाड्यांचा बेस एकसुरी घुमतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते. कारागिराने कुरकुर न करता दर्शनी भाग साडेचार सेंटिमीटरने पुढे घेतला. दुसऱ्या मोजणीत आकडा साडेअठराच्या किंचित वर गेला.

वायरिंगबद्दल मात्र तक्रार आहे. माझा ३०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात ३० अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह ओढतो. त्यासाठी शुद्ध तांब्याची वायर ठरली होती. प्रत्यक्षात आली ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. टोक चाकूने खरवडताच आतला पांढरा धातू दिसला. शिवाय फ्यूज बसवला होता चालकाच्या सीटखाली. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून वायरसाठी असतो. बोनेटमध्ये वायर घासून पत्र्याला लागली, तर सीटखालचा फ्यूज तिथे काहीच करू शकत नाही आणि बॅटरीपासून निघालेली वायर जळते. तो बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आतच हवा. दोन्ही गोष्टी बदलून मिळाल्या, पण मी विचारले नसते तर गाडी तशीच बाहेर पडली असती.

आवाजाबाबत समाधान आहे. ६० हर्ट्झच्या स्वराच्या ध्वनिलहरीची लांबी साडेपाच मीटरहून अधिक असल्याने पेटी डाव्या कोपऱ्यात आहे हे कानाला कळत नाही, फक्त लो-पास (ज्याच्या वरचे स्वर सबवूफरकडे जाऊ दिले जात नाहीत ती मर्यादा) ८० हर्ट्झच्या वर नेऊ नये. जुन्या पेटीत नाशिक ढोलाचे ध्वनिमुद्रण लावले की सगळे ठोके एकमेकांत मिसळत. आता प्रत्येक टिपरू वेगळे ऐकू येते. पोर्ट (हवा आतबाहेर जाण्याचे तोंड) असलेल्या पेटीइतका दणका यातून मिळणार नाही. ज्यांना सिग्नलवर शेजारची काच हलवायची असेल, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

काम तीन दिवसांत होईल असे सांगितले होते; नऊ लागले. यात सगळा दोष कारागिराचा नाही, कारण दमट हवेत पॉलिएस्टर रेझिन नीट पकडत नाही आणि मधला एक थर चिकट राहिल्याने घासून पुन्हा द्यावा लागला. हे काम उन्हाळ्यात दिलेले बरे. पेटी, कार्पेट आणि वायरिंग मिळून १६,५०० रुपये झाले, स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर माझेच होते. एमडीएफचा बॉक्स याच्या एका अंशात येतो, हे खरे. पण डिकीचा तळ आता पूर्ण मोकळा आहे आणि स्टेपनी काढताना पेटीला हात लावावा लागत नाही. पेटी काढायचीच झाली तर दोन बोल्ट आणि पाच मिनिटे पुरतात.

एक काम राहिले आहे. मोठ्या आवाजात मागची नंबर प्लेट अजून खडखडते. तिच्यामागे फोमची पट्टी लावून देतो असे वर्कशॉपने दोनदा सांगितले आहे.