मालेगावच्या वेढ्यातली म्हणून विकलेली पिस्तुलांची जोडी

ईस्ट इंडिया कंपनीची जुनी पिस्तुलं म्हणून एका माणसाने मला नकली जोडी विकली, त्यात माझे १,६३,७०० रुपये गेले. आकडा पूर्ण लिहितोय. पोलीस ठाण्यात माझ्या अर्जावर 'अंदाजे दीड लाख' असं लिहिलं गेलं, आणि साहेब, वरचे तेरा हजार सातशे कुठे गेले असं विचारल्यावर 'काका, काय फरक पडतो' हे उत्तर मिळालं. मला पडतो.

हिशेब असा. टोकन २१,०००, यूपीआयने. मग ८४,००० एनईएफटीने. मग 'पुरातत्त्वच्या दाखल्याचे' १७,५००. वाहतूक आणि विमा ६,२००. शेवटी 'माल ताब्यात मिळाला की परत' म्हणून अनामत ३५,०००. शेवटच्या तीन रकमा तीन वेगळ्या नावांच्या खात्यांवर. दुसरं नाव आलं की तिथेच थांबा. भावाचं खातं, कुरिअरवाल्याचं खातं, सीएचं खातं, कोणतंही कारण ऐकून घेऊ नका.

आता ज्यांना वाटेल की म्हाताऱ्याला हाव सुटली आणि बुडाला, त्यांच्यासाठी सांगतो. मी स्वस्तात मिळतंय म्हणून धावलो नाही. उभी हयात नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यांत लेथवर गेली. पगारातून वाचवून ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची ठासणीची पिस्तुलं जमवली. एक मुंबईच्या चोर बाजारातून आणलं, एक पंचवटीतला जुना वाडा पाडताना माळ्यावर निघालं ते मालकाकडून रीतसर लिहून घेतलं. कंपनीचं लष्करी पिस्तूल कसकसं बदलत गेलं हे ओळीने दिसावं, एवढीच इच्छा होती. सिंहछापाचं, गारगोटीच्या ठिणगीने उडणारं चकमकीचं पिस्तूल माझ्याकडे आहे. चकमक काढून स्फोटक टोपीवर उडणारं केलेलं आहे. मुळातच टोपीचं म्हणून घडवलेलंही आहे. सगळ्यांच्या नळ्या बुजवलेल्या, कान, म्हणजे दारू पेटवायचं रंजकाचं भोक, बंद. ओळीत पहिली जागा तेवढी रिकामी होती, १८०८ च्या आधीची.

१८०८ का, ते नीट सांगतो, कारण माझं सगळं नुकसान या एका सालात आहे. कंपनी आपल्या बंदुका-पिस्तुलांच्या लॉकप्लेटवर, म्हणजे घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो तिच्यावर, स्वतःची छाप मारायची. आधी ती हृदयाच्या आकाराची होती. चार भाग पाडलेले, त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरं आणि वर चारच्या आकड्यासारखी खूण. नाशिकमध्ये नाणी जमवणारे खूप आहेत, अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेमुळे अनेकांना तो नाद लागला. त्यांना ही खूण कंपनीच्या मुंबईकडच्या तांब्याच्या पैशांवरून ठाऊक असेल. १८०८ पासून हृदय गेलं आणि मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. लॉकप्लेटवर अनेकदा सालही कोरलेलं असायचं. हृदयछाप पिस्तूल इकडे सहसा हाती लागत नाही. मी त्यासाठी किती वर्षं डोळे लावून बसलो होतो, ते घरच्यांना विचारा.

त्या माणसाने पहिला निरोप पाठवला तोच हृदयछापेच्या फोटोसह. पत्ता त्याला माझ्या छंदाचा कुठून लागला हे मला आता कळलंय. मी चार ठिकाणी 'हवं आहे' म्हणून सांगून ठेवलं होतं. आपल्याला नेमकं काय हवंय आणि किती हवंय, हे चारचौघांत उघड करू नका. ज्याच्या संग्रहात एकच जागा रिकामी आहे, त्याच्याइतकं सोपं गिऱ्हाईक नाही.

बोलायला गोड. काका, काका करायचा. मधूनच अहिराणीत शिरायचा, त्यामुळे तो कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातला आहे याबद्दल शंका उरली नाही. म्हणे १८१८ साली इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा आतल्या अरब शिबंदीने त्यांना जेरीस आणलं. त्या धामधुमीत एका गोऱ्या अधिकाऱ्याचं पिस्तूल पणजोबांच्या वडिलांच्या हाती लागलं. वेढा खरा आहे, अरब शिबंदी खरी आहे, इंग्रजांची माणसं तिथे पडली हेही खरं आहे. हे लोक खोट्याच्या चारी बाजूंनी खरा इतिहास रचतात, आणि ज्याला इतिहास माहीत आहे तोच त्यात आधी अडकतो, कारण प्रत्येक तपशील त्याला पटतो. वस्तूची गोष्ट कितीही खरी वाटो, पैसे गोष्टीचे द्यायचे नसतात.

मी २१,००० पाठवले आणि व्हिडिओवर वस्तू दाखवायला सांगितली. टोकनच्या आधी सांगायला हवं होतं असं आता कोणीही म्हणेल. दुसरं गिऱ्हाईक पुण्याचं आहे आणि ते आज रात्री येतंय, असं त्याने सांगितलं होतं. अशा वेळी जो थांबतो तो वस्तू गमावतो, हे मी अनेकदा अनुभवलेलं आहे.

आता व्हिडिओ. हा प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही, रात्री झोपेतून उठून बसतो. पिस्तूल ग्रीसमध्ये माखलेलं. तो नळीचं तोंड दाखवतोय, दस्त्याच्या बुडाचं पितळी टोपण दाखवतोय, आणि लॉकप्लेट आली की हात हलतोय. मी म्हटलं, स्थिर धर. त्याने क्षणभर धरलं. हृदय नव्हतं. सिंह होता. आणि सिंहाच्या खाली १७९६.

सिंह आणि १७९६. एका पट्टीवर. १७९६ साली कंपनीच्या हत्यारांवर सिंह नव्हताच. मी हे लोकांना शिकवतो! कोणाला कंपनीच्या हत्याराबद्दल विचारायचं असलं की तो माझ्याकडे येतो, आणि मी पहिलं वाक्य हेच सांगतो की आधी छाप बघ, मग साल बघ, दोघांचं जमतंय का बघ. मी त्याला तिथल्या तिथे विचारलंही. तो एका श्वासाचाही वेळ न घेता म्हणाला, 'काका, हे दुसरं. जोडी आहे ना. हृदयवालं खाली बांधून ठेवलंय. हे नंतर दुरुस्तीला गेलं असेल, तेव्हा छाप मारली असेल.'

दुरुस्ती होत असे, हे खरं आहे. चकमकीची पिस्तुलं पुढे टोपीची करून घेतली जात, माझ्याकडेच तसं एक आहे. त्यामुळे त्याचं उत्तर ऐकायला अशक्य वाटलं नाही. पण दुरुस्तीत नवी छाप मारणारा जुनं साल कशाला राखेल, हा पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर होता आणि त्याने तो येऊच दिला नाही. जोडी फोडायची नाही असं आजीने सांगितलंय, दोन्ही मिळून १,०५,०००, टोकन वजा करून ८४,००० द्या, असा त्याने लगेच व्यवहारच पुढे ढकलला. जोडी! लष्करी पिस्तुलांची एका घरातली जोडी ऐकली की कोणत्याही संग्राहकाचं काळीज हलतं. त्याला ते ठाऊक होतं. चूक समोर आली की हे लोक ती लपवत नाहीत, तिचीच दुसरी वस्तू करून तुम्हालाच विकतात.

दाखल्याचे १७,५०० कसे घेतले तेही ऐका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, हे त्याने मलाच समजावलं. अशोकस्तंभाची सरकारी मुद्रा असलेला कागद पीडीएफमध्ये पाठवला. खाजगी खात्यात पैसे भरून असा कोणताही दाखला मिळत नाही. त्याच कायद्याने पुरावस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. तो परवाना मागा. फक्त तेवढंच मागा, बघा पुढचा निरोप येतो का.

पार्सल नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या ट्रान्सपोर्टमधून घेतलं. घरी आणून ग्रीस पुसलं. नळी इंचभर पोखरलेली, पुढे भरीव. रंजकाचं भोकच नाही, नुसता खड्डा. लॉकप्लेट जस्ताची ओतीव, छाप कोरलेली नाही, साच्यातच उमटलेली. दोन्ही पिस्तुलांवर सिंहाच्या शेपटीपाशी तोच एक फुगा, म्हणजे दोन्ही एकाच साच्यातली. स्क्रू काढून थ्रेड गेज, म्हणजे आट्यांतलं अंतर मोजायचं माप, लावला. ०.८ मिलिमीटर पिच. एम-५! हातोहात कापलेल्या आट्यांच्या काळातल्या हत्याराला मेट्रिक स्क्रू. जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनिअरने इंग्लंडात आट्यांचं माप ठरवायला घेतलं तेच १८४१ मध्ये. दिवाणखान्यात टांगायला करतात तसला माल, त्यावर तेजाबाने गंज चढवलेला. खरा गंज खाचाखोचांत जास्त आणि हात लागतो तिथे कमी असतो, तेजाबाचा सगळीकडे सारखा असतो. फोटोवरून विकत घेणार असाल तर स्क्रूच्या डोक्यांचे फोटो मागा, कानाचा मागा, नळीत उजेड टाकून मागा, आणि आजच्या वर्तमानपत्रावर वस्तू ठेवून मागा. पुतण्याने नंतर हृदयछापेचा तो फोटो इंटरनेटवर शोधला, तर तो परदेशातल्या एका जुन्या लिलावाचा निघाला. हे काम दोन मिनिटांचं आहे. आधी करा.

फोन केला तेव्हा त्याचा आवाजच बदलला होता. म्हणाला, 'विनापरवाना पिस्तूल तुम्ही मागवलंत, पार्सल तुमच्या नावावर आहे. जा पोलिसांत.' ही धमकी या धंद्याचं खरं कुलूप आहे. कित्येक लोक इथेच गप्प बसत असणार. घाबरू नका. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ४५ वाचा. जुन्या बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही, ते त्या कायद्यातून वगळलेलं आहे. झाडता येण्याजोगं असेल तर मात्र परवाना लागतो, तिथे हयगय करू नका.

मी पोलिसांत गेलो. ते घाबरून घरी बसण्यापेक्षा वाईट निघालं. पहिला प्रश्न, 'लायसन आहे का?' मी कलम सांगितलं तर 'आम्हाला कायदा शिकवू नका.' दुसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी पिस्तूल हातात घेतलं, घोडा ओढून बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'खेळणं आहे हो, नातवाला द्या.' म्हणजे एका टेबलावर मी बेकायदा हत्यार बाळगणारा, आणि दुसऱ्या टेबलावर खेळण्यासाठी तक्रार करणारा म्हातारा. फसवला गेलेला माणूस मी कोणत्याच टेबलावर नव्हतो. मग, खातं परराज्यातलं आहे, तिकडे जा. मग, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, वस्तू पोहोचली आहे ना, मग हा व्यवहाराचा वाद, दिवाणी कोर्टात जा. मग, सिंहस्थाच्या बंदोबस्ताच्या बैठका चालू आहेत, नंतर या. सिंहस्थ होईपर्यंत नाशिककरांना कोणी लुटायचं नाही काय?

बँकेत गेलो तर 'रक्कम तुम्हीच पाठवली, ओटीपी तुम्हीच टाकला.' समोरचं खातं गोठवायला पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, बँकेच्या शिक्क्याचा उतारा आणा. शिक्का मारणारे साहेब रजेवर. या फेऱ्यात त्या खात्यातून पैसे कधीच निघून गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लगेच केला तर पुढच्या खात्यात उरलेली रक्कम थांबवता येते, पण मला फसवणूक कळली ती पार्सल उघडल्यावर. शेवटची अनामत त्याच्या कितीतरी आधी गेलेली. तुमचे पैसे गेले असतील तर पार्सलची वाट बघू नका, संशय आला त्या क्षणी १९३० लावा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याला घ्यावीच लागते. घेत नसतील तर वरिष्ठांना लेखी, पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा, आणि तरीही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. हे मला पोलीस ठाण्यात कोणी सांगितलं नाही. कॉलेज रोडवरच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. माझा लेखी अर्ज वर गेला आहे, पोचपावती आली आहे, उत्तर आलेलं नाही. बोलणी, पावत्या, खाते क्रमांक, व्हिडिओचे स्क्रीनशॉट, सगळं छापून फाईल केली आहे. ती दोन पिस्तुलंही फेकलेली नाहीत, पुरावा आहे तो. निरोप डिलीट करू नका, माणसाला शिव्या देऊन ब्लॉक करू नका, आधी सगळं छापून घ्या.

घरी ही म्हणते, आता सोडा. सोडणार नाही. तो अजून विकतोय. याच महिन्यात धुळ्याच्या एका परिचितांना तोच फोटो आला. हिरव्या कापडावर ठेवलेलं पिस्तूल, हृदयछाप, दस्त्याच्या डाव्या बाजूला नखाएवढा टवका उडालेला, ठासणीच्या गजाचं टोक फोटोच्या कडेला कापलं गेलेलं. कोणी त्याला मालेगावच्या वेढ्यातलं म्हणेल, कोणी दुसऱ्या गावाचं नाव घेईल. व्हिडिओत मात्र सिंह आणि १७९६ दिसेल. हा फोटो ज्यांना आला असेल त्यांनी एक रुपयाही पाठवू नये, आणि ज्यांनी पाठवला आहे त्यांनी लाजेने गप्प बसू नये, आपल्या गावातल्या ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. एका अर्जाला ते व्यवहाराचा वाद म्हणतात, पाच-दहा ठिकाणचे अर्ज एकाच फोटोवर आले की तसं म्हणता येणार नाही.