मोटर न बदलता काच वर: कणकवलीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा अनुभव

गाडीच्या पॉवर विंडोची, म्हणजे बटनाने वर-खाली होणाऱ्या काचेची, मोटर उघडून दुरुस्त करता येते. दर वेळी नवा सेट घालावा लागत नाही. आमच्या २०१० सालच्या डबल केबिन पिकअपच्या बाबतीत हे ज्यांनी करून दाखवलं, त्या कणकवलीतल्या इलेक्ट्रिशियन काकांबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं. दुकानाला पाटी नाही. एकटे काम करतात, म्हणून नाव-नंबर कुठे टाकू नको असं त्यांनीच बजावलंय. गॅरेजांच्या ओळीत 'काचेच्या मोटरी उघडणारे काका कुठे बसतात' असं विचारा, कोणीही दाखवेल.

गाडी आमच्या नर्सरीची. कलमं, खताच्या गोणी, मोसमात आंब्याच्या पेट्या, सगळं तीच वाहते. ड्रायव्हरची काच सगळ्यात जास्त वर-खाली होते, त्यामुळे आधी तीच कुरकुरायला लागली. उतरताना ठीक, चढताना रेंगाळायची. मग मध्येच थांबायची आणि दारावर थाप मारली की पुन्हा चालायची. पाऊस तोंडावर आला असताना अर्ध्यावर उघडीच अडकली. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्या काचेतून पाणी आलं की पहिलं भिजतं ते ड्रायव्हरच्या दारावरचं बटनांचं पॅनल, आणि ते गेलं की चारही काचांचा प्रश्न उभा राहतो.

आधी ज्या गॅरेजला दाखवलं, तिथे दाराच्या आतल्या बाजूचा पुठ्ठा काढून बघितलं आणि मोटर आणि रेग्युलेटर (काच वर-खाली नेणारी यंत्रणा) यांचा पूर्ण सेट बदलायला सांगितलं. सहा हजारांच्या घरात. मोटर उघडलीसुद्धा नाही.

काकांनी थाप मारल्यावर काच चालते हे ऐकलं आणि तिथेच मान डोलावली. तरी म्हणाले, "करंट मोटरपर्यंत येता काय ता बघूया आधी." त्यांनी मोटरच्या वायरींचा कपलर (जोडणीचा प्लग) सोडवला आणि मोटरच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडला. मला वाटत होतं मीटर लावतील. पण गंजलेल्या कपलरमधूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, प्रत्यक्ष लोड आला की मात्र करंट पुरत नाही. हेडलाइटचा बल्ब चार-पाच अँपियर खेचतो, म्हणून तो खरं सांगतो. काच वर करायचं बटन दाबलं, बल्ब लख्ख. खाली करायचं दाबलं, तरी लख्ख. या मोटरला दोनच वायरी असतात. बटनाने त्यांतली प्लस-मायनसची अदलाबदल होते आणि मोटर उलटी फिरते. दोन्हीकडे बल्ब लागला, म्हणजे फ्यूज, बटन आणि दार-खांबामधल्या रबरी नळीतल्या वायरी, सगळं शाबूत. "मोटर मरूक नाय, कार्बन झिजलेत," काका म्हणाले. कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला टेकून त्याला करंट देणारे छोटे ठोकळे.

मग काच वर ओढून जाड टेपने फ्रेमला चिकटवली, मोटर सुटल्यावर ती धाडकन खाली येऊ नये म्हणून. रेग्युलेटर कात्रीसारखा असेल तर आणखी जपावं लागतं. त्याची स्प्रिंग ताणलेली असते, रेग्युलेटर पट्टीने बांधून न ठेवता मोटर काढली तर हात फुटू शकतो.

मोटर उघडल्यावर आत काळी पूड. एका कार्बनचा नुसता तुकडा उरला होता, दुसरा खाचेतच अडकून बसलेला. त्यामुळे स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नव्हती, आणि थाप मारली की तेवढ्यापुरता टेकायचा. काकांनी डब्यातून जवळच्या मापाचे कार्बन काढले आणि कानशीवर घासत खाचेत अलगद सरकतील एवढे केले. कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, बारीक पॉलिश पेपरने उजळला, पट्ट्यांमधल्या फटी करवतीच्या पात्याच्या टोकाने साफ केल्या. पुढचं काम बघण्यासारखं होतं. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, आत घालताना चुंबक त्याला खेचून घेतं आणि कार्बन मध्ये येऊन मोडतात. त्यांनी दोन्ही कार्बन तांब्याच्या बारीक तारेने मागे ओढून धरले, आर्मेचर बसवलं आणि तार हळूच काढून घेतली. दोन्ही कार्बन एकदम टेकले. नायलॉनच्या गिअरचे दात शाबूत होते, पण ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. ते खरवडून नवं भरलं.

मला सगळ्यात पटलं ते पुढे. मोटर चालू झाली तरी त्यांनी गाडी सोडली नाही. काच ज्या रबरी चॅनलमधून सरकते ते पुसून काढलं आणि सिलिकॉन स्प्रे मारला. तेल घालायचं नाही, त्याने रबर फुगतं आणि धूळ बसते. चॅनल कडक झालं की मोटरवर ताण येतो, नवी असली तरी. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मातीने बुजली होती, ती तारेने मोकळी केली. आधीच्या गॅरेजने पुठ्ठ्यामागचा प्लास्टिकचा कागद फाडून तसाच सोडला होता. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत जातंच, ते केबिनमध्ये येऊ न देणं हे त्या कागदाचं काम. काकांनी जाड प्लास्टिक कापून काळ्या चिकट पट्टीने नवा लावला. जाताना एवढंच म्हणाले, "काच वर गेली काय बटन सोडूचा." दाबून धरलं की अडकलेली मोटर तापते.

सगळे मिळून सातशे रुपये घेतले. अख्खा पावसाळा गेला, काच शेजारच्या काचेइतक्याच वेगाने चढते.

अडचणीही सांगते. पक्कं बिल मिळत नाही. फोन क्वचितच उचलतात. अर्धा दिवस हाताशी ठेवून जावं लागतं, बसायला एक बाकडं आहे. वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळलेलं असेल किंवा गिअरचे दात गेले असतील तर ते हात लावत नाहीत, सरळ नवी मोटर आणायला सांगतात. तशी वेळ आली तर डावी-उजवी बघून घ्या, बहुतेक गाड्यांत दोन्ही वेगळ्या असतात.

आणि जायचं तर मे महिन्यातच जा. पहिला पाऊस पडला की त्यांच्या दारात गाड्यांची रांग लागते. आमच्या मागच्या डाव्या दाराची काच आता रेंगाळायला लागली आहे, आंब्याच्या पेट्या संपल्या की गाडी त्यांच्याकडेच नेणार आहे.