पिकअपचे वजन कमी करून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

मी सासवडहून पुण्याच्या मार्केट यार्डात हंगामाप्रमाणे अंजीर, सीताफळ आणि भाजीपाला घेऊन रोज पिकअपने जातो आणि दुपारी रिकाम्या गाडीने दिवे घाट चढून परत येतो. घरात दुसरी चारचाकी नाही, त्यामुळे मुलीला परीक्षेला सोडण्यापासून आईला दवाखान्यात नेण्यापर्यंत सगळी कामे याच २०१८ च्या गाडीवर होतात. डिझेलचा खर्च डोईजड झाला, तेव्हा एका गॅरेजवाल्याने मला सांगितले की गाडीचे दीडशे किलो अनावश्यक वजन उतरवले तर लिटरमागे तीन किलोमीटर सहज वाढतील. त्याने मजुरीसह ३२,००० रुपये मागितले आणि "काम काट्यावर मोजून देतो" असा शब्द दिला. या शब्दावरच मी विसंबलो.

गाडी देताना टाकी फुल करून आणा, म्हणजे वजन नीट कळेल, असे त्याने आवर्जून सांगितले होते. काट्यावर पहिले वजन झाले तेव्हा टाकी भरलेली होती, स्टेपनी जागेवर होती आणि मी स्टिअरिंगवर बसलेलो होतो. पावतीवर १,८४० किलो आले. पाच दिवसांनी दुसरे वजन झाले तेव्हा त्याने मला बोलत बोलत काट्याच्या केबिनकडे नेले. त्याचा पोरगा गाडी प्लॅटफॉर्मवर लावून खाली उतरला आणि पावती १,६५० ची निघाली. डिझेलचा काटा पार खाली होता, त्याबद्दल विचारले तर ट्रायलला फिरवली असे उत्तर मिळाले. स्टेपनी धुऊन वाळत ठेवली आहे म्हणून ती नंतर बसवून दिली. १९० किलो कमी झाल्याच्या आनंदात मी उरलेले पैसे रोख दिले आणि साध्या कागदावरची चिठ्ठी खिशात घातली.

तीन आठवडे झाले तरी मायलेज होते तिथेच राहिले. तेव्हा मी टाकी फुल करून, स्टेपनीसह, स्वतः आत बसून दुसऱ्या काट्यावर वजन केले. ते १,७९० किलो भरले. म्हणजे खरी घट फक्त ५० किलोची होती आणि बाकीचे १४० किलो माझे स्वतःचे वजन, स्टेपनी आणि टाकीतले डिझेल यांचे होते. त्यातून माझे आणि स्टेपनीचे मिळून साधारण १०० किलो वजा केले तर ४० किलो डिझेल उरते. डिझेल लिटरला साधारण ०.८३ किलो भरते, त्या हिशेबाने जवळजवळ ४८ लिटर डिझेलही त्यानेच काढून घेतले, असा माझा ठाम समज आहे.

त्या ५० किलोंत पुढचे लोखंडी गार्ड होते, ते गेले याचे मला दुःख नाही. मात्र मागच्या दोन्ही बाजूंचा एकेक कमानपाटाही (चाकांवर गाडीचा भार पेलणारी स्प्रिंगची पट्टी) त्याने काढला होता, आणि मला सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा आहे. माझ्या गाडीत मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारा एक व्हॉल्व्ह आहे. चॅसी (गाडीचा सांगाडा) आणि एक्सल (चाकांचा आस) यांच्यातल्या अंतरावरून तो गाडीत माल किती आहे हे ओळखतो. पाटा काढल्यामुळे चॅसी खाली बसली, रिकामी गाडीही त्याला भरलेली वाटू लागली आणि मागच्या चाकांना गरजेपेक्षा जास्त ब्रेक लागू लागला. पहिल्या पावसात घाटात ब्रेक दाबल्याबरोबर गाडीची मागची बाजू कठड्याकडे सरकली, तेव्हा शेजारी माझी मुलगी बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी गाडी चांगल्या वर्कशॉपमध्ये नेली. धुराला उग्र वास येतो हेही मी सांगितले, म्हणून तिथल्या मेकॅनिकने खाली जाऊन सायलेन्सरच्या पुढच्या डब्यावर पान्याने टकटक केली, तर रिकाम्या पत्र्याच्या पिंपासारखा आवाज आला. डब्याच्या कडेला ताज्या वेल्डिंगची बोटभर रेघ होती. प्लॅटिनम आणि पॅलेडियम या महागड्या धातूंचा लेप असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाचा) गाभा आतून काढून घेऊन डबा तसाच जोडलेला होता. नवा बसवण्याचा जो खर्च मला सांगितला गेला, तो त्या ३२,००० पेक्षा जास्त आहे.

गणित मी आधीच करायला हवे होते. १०० किलो वजन अडीचशे मीटर उंच चढवायला फार तर २०-२५ मिलिलिटर डिझेल जास्त लागते. तीन किलोमीटर वाढणे त्यातून शक्यच नव्हते. गाडीचे खरोखर जास्तीचे वजन कमी करायचे असेल तर हौद्यातली ओली पोती, जुने दोरखंड आणि साचलेली माती काढता येते, त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. पाटे, ब्रेक आणि सायलेन्सरला मात्र हात लावू देऊ नये. आरसी बुकातल्या नोंदींशी विसंगत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे आणि कलम १८२अ नुसार त्याची शिक्षा गाडीच्या मालकाला होते: प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अशा कामाला कोणी हात घालणार असेल तर दोन्ही वजने सारख्याच स्थितीत स्वतः करावीत आणि काढलेला प्रत्येक भाग ताब्यात घ्यावा.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करतो आहे. पक्के बिल नसल्यामुळे वकिलांनी काट्याच्या तिन्ही पावत्या आणि वेल्डिंगचे फोटो मागवले आहेत. पाटे मी आधीच परत बसवून घेतले आहेत.