टास्कसेट : कोणते काम कोणत्या कोअरवर

ध्वनिमुद्रण चालू असताना संगणकाने मध्येच एखादा क्षण गिळला, तर ते त्या वेळी कळत नाही. संपादनाला बसल्यावर वाचकाच्या चांगल्या जमलेल्या वाक्यात, एखाद्या ‘ळ’च्या ऐन मध्यावर, बारीकसा ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो आणि ते वाक्य पुन्हा वाचून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मी घरातल्या संगणकावर मराठी कथावाचनाचे ध्वनिमुद्रण आणि संपादन करते, आणि त्याच संगणकावर तासन्‌तास चालणारी व्हिडिओ रूपांतराची कामेही मागे सुरू असतात. या दोन कामांना एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी मी ‘टास्कसेट’ ही लिनक्सवरची कमांड बराच काळ नियमाने वापरत आले आहे. एवढ्या लहान साधनाचे सविस्तर परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही, पण ते समजून वापरले तर किती उपयोगी पडते आणि अर्धवट समजून वापरले तर कसे फसवते, हे दोन्ही नीट सांगण्यासारखे आहे.

चालू असलेली किंवा नव्याने सुरू होणारी प्रोसेस (म्हणजे चालता प्रोग्रॅम) संगणकातल्या कोणकोणत्या प्रोसेसरांवर चालू शकते, हे ठरवणे एवढेच टास्कसेटचे काम आहे. त्यामागची कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, सोय २००२ साली २.५.८ या आवृत्तीत आली. टास्कसेट रॉबर्ट लव्ह यांनी लिहिले. ते आधी ‘शेडयुटिल्स’ नावाच्या संचात होते आणि पुढे ‘युटिल-लिनक्स’मध्ये सामावले गेले. हा संच जवळजवळ प्रत्येक लिनक्स वितरणात असतोच, त्यामुळे वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही, पैसे मोजावे लागत नाहीत आणि मागे सतत चालणारी कोणतीही सेवा संगणकावर बसत नाही. कमांड कर्नलला निरोप देते आणि संपते. त्यानंतर अंमलबजावणी शेड्युलरची, म्हणजे कोणते काम कधी आणि कुठे चालवायचे ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाची, असते.

माझ्या संगणकात इंटेलचा आय-सेव्हन १२७०० हा प्रोसेसर आहे. त्यात ८ मोठे आणि ४ लहान कोअर (चिपमधली स्वतंत्र गणनाकेंद्रे) असून प्रत्येक मोठा कोअर एका वेळी दोन थ्रेड (प्रोग्रॅममधले स्वतंत्रपणे चालणारे कामाचे धागे) चालवत असल्यामुळे लिनक्सला एकूण २० प्रोसेसर दिसतात. ० ते १५ हे क्रमांक मोठ्या कोअरचे आणि १६ ते १९ हे लहान कोअरचे. ही विभागणी टास्कसेट स्वतः सांगत नाही, आणि त्याला ती माहीतही नसते. त्याच्या लेखी सगळे क्रमांक सारखेच. म्हणून टास्कसेटला हात लावण्याआधी ‘एलएससीपीयू’ ही कमांड तिच्या तक्त्याच्या पर्यायासह चालवून कोणता क्रमांक कोणत्या कोअरचा आहे आणि कोणत्या दोन क्रमांकांमागे एकच कोअर आहे, हे वहीत लिहून ठेवावे असे मी आग्रहाने सांगेन. माझ्याकडे ० आणि १ ही एकाच कोअरची जोडी आहे, तर दुसऱ्या एखाद्या यंत्रावर ० ची जोडी ८ शी असू शकते. हे न पाहता ‘दोन प्रोसेसर दिले’ असे समजून एकाच कोअरच्या दोन बाजू देऊन बसणे फार सोपे आहे.

वापरण्याची पद्धत साधी आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. प्रोसेसर सांगण्याचे दोन मार्ग आहेत. एक जुना, मास्कचा : प्रत्येक प्रोसेसरसाठी एक बिट, आणि त्या बिटांचा मिळून सोळाच्या पायावरचा एक आकडा. दुसरा मार्ग ‘-सी’ हा पर्याय लावून क्रमांकांची यादी सरळ लिहिण्याचा. माझे चार लहान कोअर मास्कने सांगायचे तर ‘एफ’ आणि त्यापुढे चार शून्ये असे लिहावे लागते. यादीने सांगायचे तर ‘१६-१९’ एवढेच पुरते. अर्थातच सगळे जण यादी वापरतात. अडचण अशी, की ‘-सी’ विसरून नुसते १६ लिहिले तर टास्कसेट तक्रार करत नाही. तो त्या १६ ला सोळाच्या पायावरचा मास्क समजतो, त्याची बिटे १०११० अशी होतात, आणि काम १६ व्या प्रोसेसरऐवजी १, २ आणि ४ या क्रमांकांवर, म्हणजे नेमके मोठ्या कोअरवर जाऊन बसते. एका अक्षराच्या चुकीने अर्थ इतका बदलावा आणि सूचना काहीच मिळू नये, ही या साधनाच्या रचनेतली माझ्या मते सर्वांत मोठी उणीव आहे. जुन्या स्क्रिप्टा मोडू नयेत म्हणून मास्क हाच मूळ अर्थ ठेवला असेल तर ते समजण्यासारखे आहे. तरीही नवख्या माणसाने ‘-सी’ हा कमांडच्या नावाचाच भाग आहे असे समजून चालावे.

दुसरी गोष्ट थ्रेडची. लिनक्समध्ये अ‍ॅफिनिटी (कोणत्या प्रोसेसरांवर चालायचे याची नेमणूक) प्रोसेसला नसते, प्रत्येक थ्रेडला स्वतंत्रपणे असते. चालू प्रोसेसचा क्रमांक देऊन टास्कसेट चालवले, तर बदल होतो तो त्या क्रमांकाच्या एकाच थ्रेडला, म्हणजे मुख्य थ्रेडला. बाकीचे थ्रेड आधीसारखेच सगळीकडे फिरत राहतात. टर्मिनलवर मात्र ‘आधीचा मास्क हा, नवा मास्क हा’ अशा दोन ओळी येतात आणि वाचणाऱ्याला वाटते की काम फत्ते झाले. व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मुख्य थ्रेड बहुधा नुसता देखरेखीचा असतो आणि खरा भार इतर थ्रेडांवर असतो, त्यामुळे अशा वेळी प्रत्यक्षात जवळजवळ काहीच बदललेले नसते. यावरचा उपाय ‘-ए’ हा पर्याय : तो दिला की त्या प्रोसेसचे त्या क्षणी असलेले सर्व थ्रेड बांधले जातात. खात्री करून घ्यायची असेल तर ‘पीएस’ या कमांडला थ्रेड दाखवायला सांगून ‘पीएसआर’ हा रकाना पाहावा. प्रत्येक थ्रेड शेवटी कोणत्या प्रोसेसरवर चालला ते तिथे दिसते. मी प्रत्येक वेळी हा रकाना पाहते, आणि तो पाहिल्याशिवाय ध्वनिमुद्रण सुरू करत नाही.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे काम पहिल्यापासूनच टास्कसेटमार्फत सुरू करणे. मूळ थ्रेडची अ‍ॅफिनिटी त्याच्यापासून निघणाऱ्या प्रत्येक थ्रेडकडे आणि प्रत्येक उपप्रोसेसकडे वारशाने जाते, आणि एका प्रोसेसने दुसरा प्रोग्रॅम आपल्या जागी चालवला तरी ती टिकते. म्हणून मी एक टर्मिनल उघडते, त्यातल्या शेलचाच (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचाच) प्रोसेस क्रमांक देऊन त्याला १६ ते १९ वर बांधते, आणि त्या दिवसाची सगळी जड कामे त्याच खिडकीतून सुरू करते. तिथून निघालेले काहीही आपोआप त्या चार कोअरवर राहते, आणि दर वेळी पर्याय आठवण्याची गरज उरत नाही.

आधी बांधणे आणि नंतर बांधणे यांत आणखी एक फरक आहे आणि तो कमी लोकांच्या लक्षात येतो. बरेच प्रोग्रॅम सुरू होताना आपल्याला किती प्रोसेसर मिळणार हे मोजून तितके थ्रेड काढतात. व्हिडिओ रूपांतराचा एफएफएमपेग हा प्रोग्रॅम ही मोजणी करताना स्वतःची अ‍ॅफिनिटी पाहतो, आणि प्रोसेसर मोजणारी ‘एनप्रॉक’ ही कमांडही तसेच करते. माझ्या बांधलेल्या टर्मिनलमध्ये ती २० नव्हे, ४ असे उत्तर देते. त्यामुळे तिथून सुरू झालेले रूपांतर चार कोअरना शोभेल इतकेच थ्रेड काढते. तेच रूपांतर आधी मोकळे सुरू केले आणि मग बांधले, तर वीस प्रोसेसर गृहीत धरून काढलेले थ्रेड चार कोअरवर दाटीवाटीने बसतात, एकमेकांची वाट पाहतात आणि मेमरीही जास्त घेतात. पायथनमध्ये लिहिणाऱ्यांनी येथे सावध राहावे, कारण तिथे प्रोसेसर मोजण्याचे जे फंक्शन सर्रास वापरले जाते ते अ‍ॅफिनिटी न पाहता यंत्रातले सगळे प्रोसेसर मोजते. अ‍ॅफिनिटीप्रमाणे मोजणारे वेगळे सोपे फंक्शन ३.१३ या आवृत्तीत आले.

आता मुख्य प्रश्न : बांधायचे कोणाला? बहुतेकांचा पहिला विचार असा असतो, आणि माझाही तसाच होता, की जे काम महत्त्वाचे आहे त्याला एक चांगला कोअर नेमून द्यावा. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत हा विचार उलटा पडतो. दर सेकंदाला ४८,००० नमुने आणि २५६ नमुन्यांचा बफर (तात्पुरता साठा) असेल, तर ध्वनीच्या थ्रेडला दर ५.३ मिलिसेकंदांनी धावण्याची संधी मिळालीच पाहिजे. तो थ्रेड एका कोअरला बांधला आणि नेमक्या त्या क्षणी तो कोअर नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट (तातडीने लक्ष देण्याची हाक) हाताळण्यात किंवा कर्नलच्या एखाद्या कामात गुंतला असेल, तर शेजारी सात कोअर रिकामे असूनही त्याला तिथेच थांबावे लागते. टास्कसेट प्रोसेसला कोअरशी बांधते. कोअर प्रोसेससाठी राखून ठेवत नाही. रेल्वेत एका डब्यातच बसण्याची सक्ती असणे आणि त्या डब्यातली जागा आरक्षित असणे, यांत जेवढे अंतर आहे तेवढेच येथेही आहे. म्हणून मी ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅमला कधीच बांधत नाही. त्याला रिअल-टाइम प्राधान्य देऊन मोकळे सोडते, आणि अडथळा आणणारी जी कामे आहेत तीच चार लहान कोअरवर डांबते. असे केल्यापासून माझ्या मुद्रणातले ‘टक्’ थांबले. रूपांतराला साहजिकच कितीतरी अधिक वेळ लागतो. रात्रभर चालणाऱ्या कामाच्या बाबतीत मला तो सौदा मान्य आहे, पण ज्यांना दोन्ही कामे झटपट हवी असतील त्यांना मान्य होणार नाही.

कोअर खरोखरच राखून ठेवायचा असेल, तर संगणक सुरू होतानाच कर्नलला ‘आयसोलसीपीयूज’ हा पर्याय द्यावा लागतो किंवा प्रोसेसांच्या गटाला ठरावीक प्रोसेसर नेमून देणारी ‘सीपीयूसेट’ची सोय वापरावी लागते, आणि इंटरप्टही दुसरीकडे वळवावे लागतात. टास्कसेट त्या व्यवस्थेचा एक दुवा होऊ शकते, संपूर्ण व्यवस्था नव्हे. शिवाय कोअर वेगळे केले तरी सगळे काही वेगळे होत नाही. माझ्या प्रोसेसरमध्ये चारही लहान कोअरना मिळून २ एमबी एल-टू कॅश (चिपमधली जलद मेमरी) आहे, आणि २५ एमबीची एल-थ्री कॅश तर लहानमोठ्या सर्वच कोअरमध्ये सामायिक आहे. मेमरीकडे जाणारा रस्ता आणि विजेची मर्यादाही सामायिकच. रूपांतर करणारा प्रोग्रॅम लहान कोअरवर बसूनही मोठ्या कोअरवरच्या कामाला या वाटेने थोडीफार झळ पोहोचवू शकतो. दोन सॉकेटच्या (म्हणजे दोन प्रोसेसर चिप असलेल्या) सर्व्हरवर प्रश्न आणखी मोठा होतो, कारण तिथे प्रत्येक सॉकेटची मेमरी वेगळी असते आणि चालू प्रोसेस टास्कसेटने दुसऱ्या सॉकेटवर हलवली तरी तिने आधी घेतलेली मेमरी आपोआप तिच्यामागे जाईल याची हमी टास्कसेट देत नाही. तिथे कोअर आणि मेमरी दोन्ही सांगता येणारे ‘नुमासीटीएल’च वापरावे.

टास्कसेटचे बंधन सक्तीचे नाही, हेही माहीत असलेले बरे. स्वतःची अ‍ॅफिनिटी पुन्हा रुंद करून घ्यायला कोणत्याही प्रोसेसला विशेष अधिकार लागत नाही. दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रोसेसला हात लावायचा असेल तरच प्रशासकाचे अधिकार लागतात. म्हणजे एखादा प्रोग्रॅम स्वतःचे थ्रेड स्वतःच कोअरवर वाटत असेल, तर तो आपले बंधन मोडून बाहेर पडू शकतो. अशा प्रोग्रॅमसाठी मी सिस्टमडी या लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीचा ‘अलाउडसीपीयूज’ हा पर्याय वापरते, जो सीपीयूसेटमार्फत चालतो आणि ज्याच्या कुंपणाबाहेरचा प्रोसेसर आतल्या प्रोसेसला मागूनही मिळत नाही. कायमस्वरूपी चालणाऱ्या सेवांनाही तोच योग्य, कारण टास्कसेटने केलेला बदल प्रोसेसबरोबरच संपतो.

विंडोज वापरणाऱ्यांना हीच सोय टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ या भागात, प्रोसेसवर उजवी क्लिक केल्यावर मिळते. तिथे प्रोसेसरांच्या चौकटींवर खुणा करायच्या असतात, त्यामुळे मास्कचा घोटाळा होत नाही, आणि निवड एका थ्रेडला नव्हे तर संपूर्ण प्रोसेसला लागू होते. नवख्या माणसाच्या दृष्टीने ही रचना निश्चित अधिक सुरक्षित आहे. प्रोसेस बंद झाली की निवड पुसली जाते, हे मात्र तिथेही आहेच. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिप असलेल्या संगणकांवर थ्रेडला ठरावीक कोअरशी बांधण्याची सोयच दिलेली नाही. तिथे कामाचा दर्जा सांगायचा आणि कोअर प्रणालीने निवडायचा.

इतक्या मर्यादा सांगूनही हे साधन मी सोडणार नाही, कारण त्याचे वागणे कर्नलच्या नियमांइतकेच स्पष्ट आहे आणि एकदा ते नियम कळले की ते कधी अनपेक्षित वागत नाही. त्याच्या मार्गदर्शक पानावर मात्र दोन वाक्ये अधिक ठळक हवी होती : ‘-सी’ विसरल्यास आकडा मास्क समजला जातो, आणि ‘-ए’ नसल्यास एकच थ्रेड बांधला जातो. तोवर माझ्या टेबलाजवळच्या भिंतीवर कोअर क्रमांकांच्या तक्त्याखाली ही दोन वाक्ये मी स्वतःच लिहून लावली आहेत.